तुमची मुदत सरली असेल, भावाची अजून सरलेली नाही

पत्र

मी २००१ साली पुण्याहून एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) नर्स म्हणून इंग्लंडला आले. २००५ च्या जूनमध्ये वडिलांच्या बायपाससाठी आणि गावच्या घरासाठी इथल्या बँकेतून १०,००० पौंडांचं पर्सनल लोन काढलं, पाच वर्षांचं. परवा लॉफ्ट आवरताना त्याचा करार सापडला. कर्जाच्या रकमेखाली ‘पेमेंट प्रोटेक्शन’ म्हणून २,३०० पौंड लिहिलेत आणि एकूण कर्ज १२,३०० दाखवलंय, व्याज ९.९ टक्के. ‘हे घेतलं की कर्ज लवकर पास होतं,’ असं बँकेतली मुलगी म्हणाली होती, ते मला अजून आठवतं. सगळे हप्ते वेळेवर भरून जून २०१० मध्ये कर्ज फिटलं. पीपीआयचे, म्हणजे या पेमेंट प्रोटेक्शन विम्याचे, पैसे परत मिळतात हे कानावर होतं, टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीत श्वार्झनेगरचं ते डोकंही पाहिलं होतं. पण २०१८ च्या नोव्हेंबरपासून यांच्या कॅन्सरचे उपचार सुरू झाले आणि बाकी सगळं मागे पडलं. आता एका कंपनीचा फोन आलाय: तुमच्या नावावर ४,१८० पौंड पडून आहेत, १५० पौंड प्रोसेसिंग फी भरा. दुसऱ्या एका कंपनीनं मोबाइलवर सहीसाठी फॉर्म पाठवलाय, ‘नो विन, नो फी’, म्हणजे जिंकलं तरच फी. सही करू का? शिवाय साताऱ्याच्या माझ्या धाकट्या भावानं घरासाठी कर्ज काढलंय, त्यात विम्याचा १ लाख ८० हजारांचा हप्ता जोडलाय. पॉलिसीचा कागद मागच्या आठवड्यात हातात आला. ‘सगळ्यांनाच घ्यावा लागतो,’ म्हणतो. हेही तसलंच का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर

प्रिय ताई,

आधी दोन गोष्टी. १५० पौंड भरू नका. आणि मोबाइलवरच्या फॉर्मवर निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत सही करू नका.

तुमच्या नावावर कुठेही ४,१८० पौंड पडून नाहीत. पीपीआयचे पैसे असे कुणाच्या नावानं बाजूला काढून ठेवलेले नसतातच. ग्राहकानं तक्रार करायची, बँकेनं ती तपासायची आणि मान्य झाली तर त्या कर्जाचा हिशेब करून रक्कम ठरवायची, असा तो क्रम होता. तक्रारच झालेली नसताना कुणी पौंडापर्यंत नेमका आकडा सांगत असेल तर तो चोर आहे. या फसवणुकीत १५० पौंड गेले की पुढचा फोन ‘टॅक्स’साठी येतो, त्याच्या पुढचा ‘ट्रान्सफर’साठी. पुन्हा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्या. चुकून खात्याचा किंवा कार्डाचा नंबर दिला गेला असेल तर लगेच १५९ वर फोन लावा. तो थेट तुमच्या बँकेच्या फसवणूक विभागाला जोडून मिळतो.

आता त्या २,३०० पौंडांचं बोलू. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण असे करार मी सल्ला केंद्राच्या टेबलावर शेकड्यांनी पाहिलेत आणि त्यातले कितीतरी आपल्याकडून आलेल्या नर्सेसचे होते. याला ‘सिंगल प्रीमियम’ म्हणत. पाच वर्षांच्या विम्याचा सगळा हप्ता पहिल्याच दिवशी कर्जात मिळवायचा आणि मग त्या हप्त्यावरही कर्जाएवढंच व्याज लावायचं. तुमच्या आकड्यांवर मी हिशेब केला. विमा नसता तर महिन्याचा हप्ता साधारण २१० पौंड आला असता, विम्यासह तो २५८ झाला. महिन्याला ४८ पौंड जास्त, म्हणजे ६० महिन्यांत २,३०० च्या विम्याचे तुम्ही जवळजवळ २,९०० भरलेत. ही सिंगल प्रीमियमची पद्धत इथल्या नियामकानं २००९ मध्ये बँकांना थांबवायला लावली, तोवर तुमचं कर्ज संपत आलं होतं.

आणि हा विमा तुमच्या किती कामाचा होता ते पाहा. आजारपणात हप्ता भरायला तो होता ना? २००५ मध्ये तुमची एनएचएसमधली नोकरी चार वर्षांची झाली होती. चौथ्या-पाचव्या वर्षात आजारी पडलं तर एनएचएस पाच महिने पूर्ण आणि पुढे पाच महिने अर्धा पगार देते. हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ‘आजारी पडलात तर नोकरीतून काय मिळतं?’ हा एक प्रश्न त्या मुलीनं विचारायला हवा होता. टॅक्सी चालवणाऱ्या एका गृहस्थांना नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा विकलेला मी पाहिलाय. स्वतःचा धंदा असलेल्या माणसाची नोकरी जाणार कुठून? तुम्ही पत्रात कुठेतरी स्वतःलाच दोष देताय असं मला वाटलं. देऊ नका. तुम्ही सही केलीत त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर २००५ मध्ये, ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या संस्थेनं या विम्याच्या विक्रीविरुद्ध सरकारकडे रीतसर तक्रार दाखल केली. बँका पुढे न्यायालयात गेल्या, एप्रिल २०११ मध्ये हरल्या, आणि तिथून भरपाईचा ओघ सुरू झाला. त्या वर्षापासून ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम ग्राहकांना परत गेली. एवढे लोक भोळे नसतात, ताई. विकण्याची पद्धतच तशी होती.

कमिशनची गोष्ट याहून विषण्ण करणारी आहे. मार्च २००६ मध्ये प्लेव्हिन नावाच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या ५९ वर्षांच्या विधवा बाईंनी ३४,००० पौंडांचं कर्ज घेतलं. त्यावर विम्याचे ५,७८० पौंड चढवले. त्यातले १,८७० दलालानं ठेवले, २,२८० कर्ज देणाऱ्या कंपनीनं ठेवले आणि विमा कंपनीपर्यंत पोचले फक्त १,६३०. म्हणजे १०० पौंडांतले जवळजवळ ७२ मधल्यामध्ये गेले आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की एवढं कमिशन लपवल्यामुळे कर्जदार आणि कर्ज देणारी कंपनी यांच्यातलं नातं अन्याय्य ठरतं. हे ‘अन्याय्य नातं’ १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम १४०अ मधलं आहे, आणि जुन्या कर्जांपैकी ६ एप्रिल २००८ ला जी चालू होती त्यांनाच ते लागू होतं. तुमचं २०१० पर्यंत चालू होतं, म्हणजे त्या चाळणीतून ते जातं.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा, कारण दावे लावून देणाऱ्या कंपन्या मुद्दाम त्याची खिचडी करतात. गरज नसलेला विमा खोटं सांगून गळ्यात मारला, ही एक तक्रार. विम्यातलं अर्ध्याहून जास्त कमिशन लपवलं, ही दुसरी. पहिलीची जागा बँक आणि मग फायनान्शियल ओम्बड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी इथली संस्था. दुसरी तिथेही चालायची आणि कोर्टातही चालते. मुदतीचे नियम मात्र दोन्हीकडे वेगवेगळे.

बँकेकडे आणि ओम्बड्समनकडे जाण्याची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. श्वार्झनेगरचं ते यांत्रिक डोकं टीव्हीवर ओरडून ओरडून हेच सांगत होतं. त्या तारखेनंतर बँकेला तक्रार नाकारता येते. अपवाद एकच तुमच्या उपयोगाचा आहे: अगदी असाधारण परिस्थितीमुळे, उदाहरणार्थ गंभीर आजारपणामुळे, वेळेत येता आलं नाही असं ओम्बड्समनला पटलं, तर ते उशिराची तक्रारही बघू शकतात. यजमानांचा आजार हे कारण खरं आहे आणि मांडण्यासारखं आहे. पण तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. जाहिरातीची मोहीम ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाली आणि आजारपण नोव्हेंबर २०१८ मध्ये. ‘मधल्या वर्षभरात का नाही आलात? आणि २०१९ नंतर इतकी वर्षं का थांबलात?’ हे दोन्ही प्रश्न येणार. कर्जात विमा आहे हेच लॉफ्टमधला कागद सापडेपर्यंत ठाऊक नव्हतं, असं असेल तर तसं स्पष्ट लिहा. तसं नसेल तर लिहू नका.

कोर्टाचं गणित निराळं. अशा दाव्याला कर्जाचं नातं संपल्यापासून सहा वर्षं मिळतात, म्हणजे तुमची मुदत जून २०१६ ला सरली. पण १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पॉटर नावाच्या बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ग्राहकाच्या बाजूनं एक मोठा निर्णय दिला. त्या बाईंचंही कर्ज तुमच्यासारखंच २०१० मध्ये संपलेलं आणि विम्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त कमिशन होतं. न्यायालय म्हणालं, कमिशन मुद्दाम लपवलं असेल तर सहा वर्षं मोजायची ती ग्राहकाला ते कळलं तेव्हापासून, किंवा थोडी खटपट केली असती तर कळू शकलं असतं तेव्हापासून. मोबाइलवर फॉर्म पाठवणाऱ्या कंपन्या याच निकालाच्या जोरावर फिरताहेत. पण पॉटरबाईंनी दावा डिसेंबर २०१८ मध्येच लावला होता. तुमच्या बाबतीत बँकेचा वकील म्हणेल, २०१९ च्या ऑगस्टपर्यंत सगळा देश पीपीआयबद्दल बोलत होता, तेव्हाच चौकशी करायला हवी होती. तिथून सहा वर्षं मोजली तर ऑगस्ट २०२५ ला संपली. ‘जाहिरातीत कमिशनचा उल्लेख नव्हता, मला कमिशनचं कळलंच नव्हतं’ असं उत्तर देता येतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. तरी माझ्या मते बाजू कमकुवत आहे. अशा बाजूवर तुम्ही स्वतःचा पैसा किंवा झोप लावू नये.

म्हणून मी सुचवतो तो मार्ग फुकटचा आहे. आशा थोडी, खर्च शून्य.

बँकेला पत्र लिहा आणि या कर्जाबद्दल तुमच्याविषयी जी काही माहिती त्यांच्याकडे आहे ती सगळी मागा. डेटा संरक्षण कायद्यानं हा तुमचा हक्क आहे. त्याला ‘सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’ म्हणतात, फी लागत नाही आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. पत्रात विम्याचं कमिशन किती होतं आणि ते कुणी घेतलं, हे शब्दांत विचारा. जुने रेकॉर्ड नष्ट केले असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्याजवळ मूळ करार आहे हे म्हणूनच मोठं भाग्य. त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, बँकेच्या सुद्धा. २००५ ची बँक आज दुसऱ्या नावानं चालत असेल, तर इथल्या वित्तीय नियामकाच्या, म्हणजे एफसीएच्या, रजिस्टरवर जुनं नाव टाकलं की सहसा वारस सापडतो.

त्यानंतर तक्रारीचं पत्र. ते लांबवू नका, एक पान पुरे: काउंटरवर काय सांगितलं गेलं, तेव्हा एनएचएसमधून आजारपणात काय मिळत होतं, कमिशनबद्दल कुणी अक्षर काढलं नाही, आणि उशीर का झाला. शेवटच्या मुद्द्यासोबत यजमानांच्या उपचारांची हॉस्पिटलची पत्रं जोडा, तारखा दिसतील अशी. बँकेला उत्तरासाठी आठ आठवडे असतात. नकार येईल असं धरून चाला. त्या अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जायचं असतं. त्यांचा फॉर्म फोनवरही भरून घेतात, एक पैसा लागत नाही, आणि इंग्रजीत बोलायला अवघड वाटत असेल तर दुभाषाही मागता येतो. ओम्बड्समननं ‘मुदत गेली’ म्हटलं तर तिथे थांबा. पदरचं काही गेलेलं नसेल. आणि पैसे मिळालेच, तर त्यातल्या व्याजाच्या भागातून २० टक्के कर कापलेला असू शकतो. मूळ दराच्या (‘बेसिक रेट’) करदात्याला वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त असतं, तेव्हा जादा गेलेला कर आर४० फॉर्म भरून, ते करवर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत परत मागा.

राहिला ‘नो विन, नो फी’चा फॉर्म. ही कंपनी अगदी कायदेशीर असेलही. पण बँकेकडे आणि ओम्बड्समनकडे तुम्ही स्वतः जे करू शकता तेच ती करणार आणि मिळालेल्यातला वाटा घेणार. आणि कोर्टात नेणार असेल तर धोका आणखी मोठा आहे. २०२४ च्या सुरुवातीला शेफील्डची एक वकील कंपनी बुडाली. तिनं भिंतींच्या इन्सुलेशनचे हजारो दावे असेच ‘नो विन, नो फी’वर लावले होते. दावे फसले, कंपनी गेली आणि समोरच्या पक्षाच्या वकिलांच्या खर्चाची बिलं साध्यासुध्या घरमालकांच्या दारात आली. तुमचा दावा छोट्या रकमेचा आहे. इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांखालच्या दाव्यांत हरणाऱ्यावर सहसा एवढा बोजा पडत नाही, पण ‘सहसा’ या शब्दावर सही करू नये. मुलांपैकी कुणी आग्रह धरलाच, तर त्या कंपनीला लेखी विचारा: हरलो तर कुणाचा खर्च कोण देणार, मधेच सोडलं तर किती, आणि तुम्ही बुडालात तर काय? लेखी उत्तर देत नाहीत त्यांच्याशी पुढे बोलू नका. आणि सही चुकून झालीच असेल तर साधारणपणे १४ दिवसांत करार रद्द करता येतो.

आता साताऱ्याकडे. तुमच्या पत्रातला सगळ्यात घाईचा भाग हाच आहे, आणि तो तुम्ही शेवटी दोन ओळींत लिहिलात.

होय, जात तीच. कर्जात मिळवलेला एकरकमी हप्ता आणि त्यावर घरकर्जाचं व्याज, तेही इथे १५-२० वर्षं चालणारं. भाऊ म्हणतो ‘सगळ्यांनाच घ्यावा लागतो’, तर तसा नियम नाही. घराच्या इमारतीचा विमा बँक मागू शकते, तो वेगळा. कर्जदाराच्या जिवाचा विमा त्यांच्याच कंपनीकडून, त्यांच्याच किमतीला घेण्याची सक्ती नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या रिटेल, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, कर्जाबरोबर ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचं पत्रक द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात विम्याचा खर्च वेगळा दाखवून, तो धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. त्या पत्रकात नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. भावाला ते पत्रक काढायला सांगा. नसेल मिळालं तर मागायला सांगा, मराठीत.

विमा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. भाऊ एकटा कमावता असेल, मुलं लहान असतील, तर घरावरचं कर्ज फेडणारा विमा असायलाच हवा. पण तेवढ्याच रकमेची साधी टर्म पॉलिसी त्याच्या वयाला काय किमतीला मिळते, हे दोन ठिकाणी विचारून पाहायला एक दिवस पुरतो. टर्म पॉलिसीचे पैसे घरच्यांच्या हाती येतात. कर्जाला जोडलेल्या विम्यात पहिला हक्क बँकेचा असतो आणि बहुतेकदा कर्ज कमी होत जाईल तसं संरक्षणही घटत जातं.

आणि त्याच्याकडे तुमच्याकडे नव्हती ती गोष्ट आहे. भारतात विम्याचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांचा ‘फ्री लूक’ असतो. पॉलिसी किंवा विम्याच्या प्रमाणपत्रावर हे शब्द शोधायला सांगा. तेवढ्या दिवसांत ‘मला हा विमा नको’ असं लेखी कळवलं तर गेलेल्या दिवसांचा विमाखर्च, स्टँप ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी हप्ता परत द्यावा लागतो. अर्ज विमा कंपनीला करायचा, प्रत बँकेला द्यायची, दोन्हीवर पोच घ्यायची, आणि परतावा कर्जाच्या मुद्दलात जमा करा असं त्यातच लिहायचं, नाहीतर पैसा कुठेतरी अडकून पडतो आणि व्याज चालू राहतं. पण टर्म पॉलिसी घ्यायची असेल तर ती आधी हाती येऊ द्या, मग हा अर्ज. मध्ये एक दिवसही तो विम्याशिवाय नको. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा ओम्बड्समन, विमा कंपनीनं दिली नाही तर विमा लोकपाल. सातारा पुण्याच्या लोकपालाखाली येतो. दोन्हीकडे फी नाही.

कागद मागच्या आठवड्यात मिळाला असं तुम्ही लिहिता. हे उत्तर छापून तुमच्या हाती येईपर्यंत त्याचे दहा-बारा दिवस गेले असतील. लेस्टरमध्ये संध्याकाळ झाली की साताऱ्यात रात्र होते, तेव्हा जेवणाची वाट न बघता दुपारीच त्याला फोन लावा, आणि पाकिटावरची तारीख त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.